हात थांबतील ती ओळ

दिवाळी अंकात नोकरीच्या आठवणी लिहायच्या त्या निवृत्त माणसांनी. माझं वय एकतीस. मला कुणी शाल-श्रीफळ दिलेलं नाही, आणि ज्या नोकरीबद्दल लिहिते आहे ती मी अकरा महिन्यांत सोडली. तरी संपादकांनी लेख मागितला. संगणक आता कविता करतो, घोषणा लिहितो, म्हणे माणसाला सुचायलाही मदत करतो, तर त्यातलं ‘आतलं’ काहीतरी मी सांगावं असं त्यांना वाटतं. सांगते. फार कौतुकाचं निघणार नाही, हे आधीच बोलून ठेवते.

माझा मूळ धंदा पत्रकं लिहिण्याचा. कॉलेज संपायच्या आत एका संघटनेत शिरले आणि तिथंच हा हात बसला. पत्रक म्हणजे एक कागद, एका बाजूनं छापलेला. दुसरी बाजू कोरी सोडायची, कारण तिच्यावर घरातली पोरं चित्रं काढतात आणि त्या निमित्तानं कागद चार दिवस घरात टिकतो. सिडकोच्या चौकात सिग्नल सुटेपर्यंत जेवढं वाचून होतं तेवढंच खरं पत्रक. बाकी सगळी लिहिणाऱ्याची हौस.

आमच्याकडं एक रीत आहे. तिला आम्ही हातवाचन म्हणतो. पत्रक छापायला देण्याआधी ज्यांच्याबद्दल ते आहे त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचायचं, आणि तेही त्यांचं काम चालू असताना. काम थांबवून ऐकणारा माणूस पाहुण्यासारखा ऐकतो. मान डोलवतो, ‘झ्याक लिवलंय’ म्हणतो, मोकळा होतो. हातात काम असलेल्या माणसाला एवढी सभ्यता परवडत नाही. वाचताना कागदाकडं कमी आणि त्यांच्या हातांकडं जास्त बघायचं. हात थांबले तर ती ओळ ठेवायची. हात चालूच राहिले तर खोडायची. आणि मध्येच कुणी बोललं, तर ते बोलणं आपल्या सगळ्या ओळींच्या वर.

दौलताबादला किल्ल्याखाली सीताफळं विकणाऱ्या बायकांसाठी लिहिलं होतं. त्यांना रस्त्याच्या कडेला बसायला पक्की जागा हवी होती. मी सुरुवात केली, ‘उपजीविकेच्या अधिकारावर घाला’. समोरची बाई एकेका फळाला कागद गुंडाळत होती, ती गुंडाळतच राहिली. पुढं वाचलं, ‘आम्ही उठलो तर पिकलेलं कोणतं ते तुम्हाला दाबून कोण देणार?’ तिचे हात थांबले. हसली.

“हे कुणी लिवलं गं?”

“तुम्हीच म्हणालात की, मगाशी.”

“मी? मी कव्हा म्हणले?”

पत्रकाच्या खाली नाव संघटनेचं असतं. ती ओळ कुणाची, हे कुणी विचारत नाही. मलाही कधी सांगावंसं वाटलं नव्हतं. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

तर नोकरी. चिकलठाण्याकडं एका काचेच्या इमारतीत एक कंपनी होती. कंपनी एक यंत्रणा बनवत होती, नाव ‘जोडीदार’. लिहिणाऱ्या माणसाला नवं कसं सुचतं याचा नमुना संगणकात तयार करायचा आणि मग तोच नमुना लिहिणाऱ्यांच्या मदतीला द्यायचा, अशी कल्पना. त्यांना निरनिराळे लिहिणारे हवे होते. जाहिरातवाला होता, कीर्तनं लिहून देणारे एक गुरुजी होते, आणि पत्रकांसाठी मी. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘सर्जनशीलतेला साथ’. भिंतीवर लिहिलेल्या गोष्टींवर माझा विश्वास नसतो. मी स्वतः पुष्कळ भिंती रंगवल्यात.

मग गेले कशाला? पगारासाठी, आणि संशयापोटी. ज्याच्यावर संशय आहे त्याच्या घरी जाऊन एकदा चहा प्यावा, मगच त्याच्याविरुद्ध लिहावं, असं मला शिकवलेलं आहे. रोज फुलंब्रीहून एसटीनं यायचं, गळ्यात ओळखपत्र अडकवायचं आणि चहा प्यायचा.

माझ्याबरोबर काम करायला निनाद नावाचा इंजिनिअर होता. माझ्याच वयाचा. आजोबा कचेरीत कारकून, वडील बँकेत, हा संगणकात. बोलणं मऊ, कुणाला अरे-तुरे नाही. पहिल्याच दिवशी त्यानं हौसेनं जोडीदाराकडं पाण्याच्या प्रश्नावर घोषणा मागितल्या. मी चष्मा पुसेपर्यंत चाळीस आल्या. यमक जुळलेलं, ताल बरोबर, मोर्चात म्हणता येतील अशा.

“कशा वाटल्या, मॅडम?”

“बऱ्या आहेत.”

“नुसत्या बऱ्या?”

“एकही खोडावीशी वाटत नाही.”

तो खूश झाला. मी तक्रार केली होती, त्याला ते कौतुक वाटलं. मग पत्रक हे खोडत खोडतच होतं, असं समजावून सांगितलं तेव्हा मात्र चटकन सरळ बसला. म्हणाला, “हेच तर! मशीनला लिहिता येतं, खोडता येत नाही. माणूस काय खोडतो आणि का खोडतो, ते आम्हाला शिकायचंय.”

खरं सांगते, त्या वाक्यावर माझेच हात थांबले असते. पोरगा हुशार होता.

काम असं. मी माझी खरी पत्रकं जोडीदारात लिहायची. काय लिहिलं, काय खोडलं, कुठं किती वेळ थांबले, सगळं तो टिपून ठेवायचा. संध्याकाळी निनाद एक तक्ता उघडायचा. प्रत्येक खोडलेल्या ओळीपुढं ‘कारण’ असा रकाना. सगळ्यात वर ‘लेखक’ असा रकाना, एकच, आणि त्यात माझं नाव आधीच भरलेलं.

त्या दिवसांत माझ्या हातात जे पत्रक होतं ते कांद्याच्या खळ्यावरचं होतं. लासूर स्टेशनला उतरून पुढं काळीपिवळी जीपनं जावं लागतं असं एक बाजारगाव. नाव लिहीत नाही. तिथल्या एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर बावीस बाया कांदा निवडतात. मोठा वेगळा, बारीक गोल्टी वेगळी, सडका बाहेर. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत बसून. खळ्याच्या मागं बायकांसाठी संडास बांधलेला आहे, फरशी लावलेला, दारावर बाईचं चित्र काढलेला. त्याला कुलूप. चावी मुनिमाच्या खिशात. कुणी साहेब बघायला आला की कुलूप निघायचं, साहेब गेला की लागायचं. “घाण करता तुम्ही,” हे मुनिमाचं उत्तर. मग बाया काय करायच्या? सकाळपासून पाणीच प्यायच्या नाहीत.

बायांमध्ये पुढं असायच्या कौसामावशी, पन्नाशीच्या पुढच्या. त्यांना मुतखडा होऊन दवाखाना गाठावा लागलेला. आणि शेजारीच बसायची त्यांची सून मनीषा, सहाव्या महिन्यातली. लघवीची आग होऊन तिला एकदा दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, पाणी भरपूर प्यायचं. मनीषा म्हणायची, “पिते की. संध्याकाळी घरी गेल्यावर पिते.” कांद्याचा हंगाम अजून बराच बाकी होता. तेवढ्यात कुलूप निघायला हवं होतं. मागणी एवढीच.

पहिलं पत्रक घेऊन गेले. खळ्यावर बसून वाचायला लागले. त्यात एक ओळ होती, ‘इथल्या एका बाईला पाणी न प्यायल्यानं मुतखडा झाला, तिला दवाखान्यात न्यावं लागलं.’ कौसामावशींचे हात थांबले. मला वाटलं, जमली.

“हे काढ,” त्या म्हणाल्या.

“खरं आहे ना पण, मावशी?”

“खरं हाय म्हणूनच काढ. एक बाई म्हणलं की लोकं बोटं मोजत्यात. कोणची बाई? ही का ती? मोजत मोजत घरापातूर येत्यात. आन् मग शेठ म्हणतोय, तुला झेपत नाय ना, बस घरी. बायका म्हण. समद्या म्हण. बावीस बायकांला कोण घरी बसवतंय!”

बाकीच्या हसल्या. मी ओळ खोडली.

संध्याकाळी निनादनं ती ओळ तक्त्यात दाखवली. “ही का काढली? चांगली होती, मॅडम. ठोस होती.” आदरानं बघत होता. तो गेले काही आठवडे असाच बघायचा, मी काय खोडते आणि केवढी अचूक खोडते म्हणून. त्यातल्या बहुतेक ओळी मी खोडलेल्या नव्हत्याच. त्या खळ्यावर, हातगाडीवर, मोंढ्याच्या बाजारातल्या हमालांसमोर खोडलेल्या होत्या. मी फक्त एसटीत बसून त्या संगणकात घालायचे. हे त्याला सांगायला काय झालं होतं? रकाना एकच होता हे खरं. ‘लेखक’ म्हणून बावीस बाया आणि एक सीताफळवाली त्यात मावली नसती, हेही खरं. पण खरं कारण तेही नव्हे. मला ते बघणं आवडत होतं.

“लांबलं होतं म्हणून,” मी म्हणाले.

त्यानं टाइप केलं. कारण : लांबलं होतं.

पहिलं पत्रक वाटून कुलूप हललं नाही, म्हणून दुसरं पत्रक बाजाराच्या दिवशी वाटायचं ठरलं. त्या दिवशी आजूबाजूच्या गावांतून माणूस येतो, सगळे व्यापारी हजर असतात. आदल्या दिवशी कंपनीत पाहुणे येणार होते, बाहेरगावचे, जोडीदार बघायला. निनाद म्हणाला, “मॅडम, तुम्ही त्यांच्यासमोर खरं पत्रक लिहून दाखवाल? आता तो तुमच्यासारखं खोडायला लागलाय.”

मला बघायचंच होतं. टिपणं घातली, कच्चं पत्रक लिहिलं. जोडीदारानं ओळी रंगवून दाखवल्या. ‘आरोग्याचा मूलभूत हक्क’ खोडा म्हणाला. बरोबर. ‘प्रशासनाची अनास्था’ खोडा म्हणाला. एकदम बरोबर, कौसामावशी हेच म्हणाल्या असत्या. मग त्यानं माझ्या टिपणांतली एक लांबलचक ओळ उचलली, तिची काटछाट केली आणि सगळ्यात वर नेऊन ठेवली. ‘सहाव्या महिन्यातली बाई दिवसभर पाण्याचा घोट घेत नाही. का? संडासाला कुलूप आहे.’

पाहुणे पुढं वाकले. एकजण हळूच टाळी वाजवल्यासारखं करून थांबला. मलाही वाटलं, ओळ जबरदस्त आहे. आखूड, सरळ, पोटात जाणारी.

छापखान्यात संध्याकाळी द्यायचं होतं. दुपारी गाडी होती. लासूर स्टेशनला उतरून, खळ्यावर जाऊन, वाचून, परत येता आलं असतं. नंतर मी संघटनेत सांगितलं की गाडी चुकली. गाडी चुकली नव्हती. पाहुण्यांसाठी जेवण मागवलं होतं आणि ते माझ्याच शेजारी बसले होते. ते पत्रक हातवाचनाशिवाय छापलं गेलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. बावीस बायांत पोटुशी एकच होती.

बाजारात चहाच्या टपरीवर कुणीतरी पत्रक मोठ्यानं वाचून दाखवलं. ऐकणाऱ्यांत मनीषाचा नवरा होता. आपल्या बायकोच्या लघवीची चर्चा भर बाजारात, कपबशीच्या आवाजात, ऐकायची. तो चहा तसाच टाकून उठून गेला. दुसऱ्या दिवशी शेठनं मनीषाला दारातच थांबवलं. आवाज चढवला नाही. “पोरी, तू घरी बस. तुझ्या जिवाला काय झालं तर नाव आमच्यावर यायचं. बघ, छापून आलंय.” माझंच पत्रक त्याच्या हातात. कुलूप होतं तिथंच राहिलं. बाहेर पडली ती मनीषा.

यंत्रानं काय चूक केली? काहीच नाही, हे मला आधी कळलं आणि जास्त लागलं. मीच त्याला शिकवलं होतं की तसली ओळ लांब असते म्हणून वाईट. त्यानं ती आखूड केली आणि चांगली म्हणून वर ठेवली.

मी खळ्यावर गेले. कौसामावशी निवडत होत्या. शेजारची जागा रिकामी, तिथं गोल्टीचा ढीग लावलेला. मी सगळं सांगितलं, वाचून दाखवलं नाही ते, रकान्याचं, गाडीचंसुद्धा. माफी मागितली. त्यांचे हात चालू होते. मोठा इकडं, गोल्टी तिकडं. मी आणखी काहीतरी बोलले, जरा चांगल्या शब्दांत. हात चालूच. तेव्हा मी माझंच बोलणं खोडलं.

शेवटी त्या म्हणाल्या, “आता कागद नको आणू. आमी बघतो.”

त्यांनी बघितलं ते असं. त्या दिवसापासून प्रत्येक बाई मुनिमाकडं जाऊन चावी मागायला लागली. मोर्चा नाही, घोषणा नाही. एक जायची, “मुनीमजी, चावी.” तो कुरकुरत द्यायचा, नाही दिली तर ती तिथंच उभी. चावी परत त्याच्या हातात. ती ढिगाशी येऊन बसली की दुसरी उठायची. “मुनीमजी, चावी.” मुनीम वहीत डोकं घालायचा, तेवढ्यात तिसरी. एकवीस बाया, दिवसातून दोन-तीनदा. दुसऱ्या दिवशी तो ओरडला, “अगं, एकदाच जा ना समद्या!”

“समद्यांला एकदाच येत नाय ना मुनीमजी,” कौसामावशी म्हणाल्या. “काय करावं? तुमी सांगा.”

हमालसुद्धा हसले. तिसऱ्या दिवशी मुनिमानं वजनकाट्याशेजारी भिंतीत खिळा ठोकला आणि चावी त्यावर अडकवून टाकली. अजून तिथंच आहे. एवढी पत्रकं लिहिली मी आयुष्यात. माझ्या माहितीतलं सगळ्यात नीट काम एका ओळीनंही झालेलं नाही, दोन शब्दांनी झालं. मनीषाची जागा मात्र शेठनं भरली. तिच्यासाठी कुलूप काढायचं होतं, आणि ते निघालं तेव्हा तीच तिथं नव्हती.

निनादलाही खरं सांगितलं. त्यानं तक्ता उघडून वरपासून खालपर्यंत सरकवला.

“मग तुमच्या सगळ्या कारणांपैकी खरी किती?”

“मोजली नाहीत.”

रागावला नाही. मला वाटतं, रागावायला हवा होता. म्हणाला, “आपण दुरुस्त करू. ‘कुणी सुचवलं’ असा नवा रकाना टाकतो. कौसाबाईंना इथं आणता येईल?”

“आणि त्यांचे हात? इथं कांदे आणणार का, तिसऱ्या मजल्यावर?”

“आणू की,” तो म्हणाला. थट्टा नव्हती. खरंच आणले असते त्यानं, लिफ्टमधून.

क्षणभर मला मोह झाला. बसावं, एकेक खोडलेली ओळ काढावी आणि खरी कारणं भरावीत. ही ओळ खोडली, कारण तिच्यामुळं अमकीचा दीर चिडला असता. ही खोडली, कारण त्या गल्लीत विधवा एकच आहे. मग माझ्याच मनात आलं की कुणाला कसं झाकायचं हे ज्याला नेमकं कळलं, त्याला कुणाला कसं उघडं पाडायचं हेही कळलं. आज जोडीदार माझ्याकडं आहे. उद्या शेठनं विकत घेतला तर? निनाद भला माणूस आहे, पण निनाद म्हणजे कंपनी नव्हे. मी ओळखपत्र टेबलावर ठेवलं. जाताना तो म्हणाला, “मॅडम, मशीनला तुम्हीच शिकवलं नाही, आणि तुम्हीच म्हणता त्याला कळत नाही.”

हा लेख छापायला देण्याआधी मी तो घेऊन कौसामावशींच्या घरी गेले. त्या ओट्यावर लसूण सोलत होत्या. पहिल्यापासून वाचला. नावं बदलली आहेत हे आधीच सांगितलं. माफीच्या भागावर लसूण सोलणं चालूच. ‘लांबलं होतं म्हणून, मी म्हणाले’, इथं हात थांबले.

“हे ऱ्हाऊ दे,” त्या म्हणाल्या.

मनीषा दाराला टेकून ऐकत होती. वाचून झाल्यावर मी तिच्याकडं कागद धरला. “तुला काय खोडायचंय?”

“मला इचारता व्हय ताई?” ती म्हणाली. “बरं झालं. पहिल्यांदाच इचारलं.”

तिनं कागद घेतला. सावकाश, बोट फिरवत वाचला. एक गोष्ट बदलायला लावली. एक अख्खा परिच्छेद खोडायला लावला. तो तिच्याबद्दलचा होता, पुढं तिचं काय झालं त्याचा, आणि माझ्या मते या लेखातला सगळ्यात चांगला लिहिलेला होता. तो तुम्हाला आता दिसत नाही, आणि बदललेलं काय तेही कळणार नाही.

निनाद हा अंक वाचेल. त्याला वाटेल, इथं काहीतरी होतं, ते का काढलं? त्याच्यासाठी, आणि आणखी जो कुणी किंवा जे काही हे वाचत असेल त्याच्यासाठी, कारणाचा रकाना भरून ठेवते.

लांबलं होतं.